ब्रूपबमधला हलका बिटर: कसा चाखावा, कसा पारखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून लीड्सला राहायला आलेल्या एका वाचकाने तिथल्या ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःच्या आवारात बिअर बनवणाऱ्या पबमध्ये, ३.६ टक्के अल्कोहोलचा 'ऑर्डिनरी बिटर' मागवला. बिटर ही इंग्लंडची पारंपरिक कडवट बिअर, आणि ऑर्डिनरी म्हणजे त्यातला हलका प्रकार. बिअर थंडगार नव्हती, गॅस जवळजवळ नव्हता, पहिल्या घोटाला नुसतं कडू लागलं. सोबतचा इंग्रज मित्र मात्र म्हणाला, फार सुरेख झालाय. पुण्यात ब्रूपबची गव्हाची बिअर आवडीने पिणाऱ्या या वाचकाला कळत नाहीये की बिअर खराब होती, मित्र उगाच कौतुक करत होता, की आपल्यालाच चव कळली नाही. आणि अशा बिअरला गुण द्यायचे झाले तर कशाच्या आधारावर?

मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून बसते, आणि बिटर हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रकार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन तर तक्रारीच नाहीत. हँडपंपने ओढून दिलेली बिअर तळघरात ११ ते १३ अंश सेल्सियसला ठेवतात, तशीच ती ग्लासात येते. फ्रिजमधल्या बिअरची सवय असेल तर ती कोमट वाटते, पण ती कोमट नाही, माठातल्या पाण्यापेक्षाही गार आहे. गॅसचंही तसंच. लागरच्या एका लिटरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, कास्कमधल्या, म्हणजे पिंपातल्या, बिटरमध्ये एक ते सव्वा लिटर. हा वायू बाहेरून भरलेला नसतो. पिंपात उरलेलं यीस्ट थोडी साखर खात राहतं आणि त्यातून तो तयार होतो. १९७१ मध्ये स्थापन झालेली 'कॅम्रा' ही ग्राहकांची संघटना याच पद्धतीच्या बिअरसाठी आजवर भांडत आली आहे. बिअर बर्फासारखी थंड केली आणि वायू दुप्पट भरला, तर साडेतीन टक्क्यांच्या बिअरमध्ये जे थोडंफार आहे तेही लपून जातं. गारव्याने जीभ बधिर होते आणि वायूमुळे सगळं टोचरं लागतं.

उरला कडूपणा. तो असायलाच हवा. प्रश्न एवढाच की तो कशावर बसलाय.

हॉप्स ही बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुलं. ती उकळल्यावर त्यातल्या आम्लांचं रूप बदलतं आणि कडवटपणा पाण्यात उतरतो. तो मोजायचं एकक आयबीयू. ऑर्डिनरी बिटरमध्ये हा आकडा साधारण २५ ते ३५ असतो. ऐकायला फार नाही, ४० आयबीयूच्या कितीतरी बिअर बाजारात आहेत. पण आंबवण्याआधी त्या द्रवात साखर किती होती, हे बाजूला ठेवून तो आकडा वाचता येत नाही. हलक्या बिटरची सुरुवातीची घनता १.०३६ धरा, म्हणजे ब्रूअरच्या भाषेत ३६ अंश. ३० आयबीयूला ३६ ने भागलं की ०.८३ येतं. आता सहा-साडेसहा टक्क्यांची एखादी दमदार बिअर घ्या, घनता ६२ अंश, कडवटपणा ४०. गुणोत्तर ०.६५ च्या आत. आकड्यात दहाने कमी कडू असलेला बिटर जिभेला जास्त कडू का लागतो, ते इथे कळतं. त्याच्याखाली गोडव्याची जाड गादी नाही. साध्या वरणात मीठ किंचित जास्त पडलं तरी पहिल्या घासाला कळतं, मटणाच्या रश्श्यात ते खपून जातं. हलका बिटर हे साधं वरण आहे. ब्रूअरचं कौशल्य आणि ब्रूअरची हयगय, दोन्ही त्यात उघडी पडतात. म्हणून मला तो पारखायला आवडतो, आणि म्हणूनच नवा ब्रूपब बघायला गेले की मी आधी त्यांचा सर्वांत हलका बिटर मागते. भरमसाट हॉप्स घातलेली सात टक्क्यांची बिअर बरी जमवणारे पुष्कळ आहेत.

आता चाखायचं कसं. अर्धा पिंट घ्या, म्हणजे २८४ मिलिलिटर. जेवणानंतर लगेच नको, आणि बडीशेप, वेलची किंवा पान खाऊन तर मुळीच नको. आपल्याकडच्या लोकांना ही सूचना मुद्दाम करावी लागते, कारण बडीशेपेचा वास तोंडात बराच वेळ राहतो आणि हॉप्सचा नाजूक सुगंध त्याखाली पार दबतो. तिखट खाल्लं असेल तर कडवटपणा आणखी चरचरतो. साधं पाणी आणि बिनमिठाचं क्रॅकर बिस्किट एवढंच जवळ असावं. हाताला सॅनिटायझर लावलं असेल तर धुऊन या, ग्लास नाकाशी नेताना तोच वास आधी येतो.

ग्लास हातात आला की पहिलं नाक. रंग दहा मिनिटांनीही तोच असेल, वास मात्र पहिल्या मिनिटात बदलतो. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या बिअरला ओतल्याबरोबर गंधकाची, नुकत्याच ओढलेल्या काडीसारखी झुळूक येते आणि लगेच विरते. मऊ पाण्याच्या गावांतले ब्रूअरही जिप्सम घालून पाणी त्या वळणावर नेतात, कारण त्याने कडवटपणाला धार येते आणि शेवट कोरडा होतो. ही झुळूक दोष नाही. ती विरल्यावर तळहाताने ग्लास झाका, हलकेच फिरवा, हात काढा आणि छोटे-छोटे श्वास घ्या. चांगल्या बिटरमध्ये आधी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, यावा: बिस्किट, भाजलेल्या पावाची कड, क्रिस्टल माल्ट असेल तर थोडी टॉफी. १९६० च्या दशकात आलेलं मॅरिस ऑटर हे जव इंग्रज ब्रूअर अजून महाग पडलं तरी सोडत नाहीत, ते या बिस्किटासारख्या वासासाठीच. त्यामागून हॉप्स. ईस्ट केंट गोल्डिंग्ज असेल तर फुलांचा, मधाकडे झुकणारा वास, फगल असेल तर मातीचा, ओल्या पाल्याचा. आणि या दोन्हींच्या मध्ये इंग्लिश यीस्टने सोडलेला फळांचा हलका गंध, पेअरचा किंवा मार्मालेडचा. तिन्ही मंद आवाजात बोलतात. वास शोधावा लागला म्हणून गुण कापू नका, शोधल्यावरही काहीच मिळालं नाही तर कापा.

डोळ्यांचं काम फार नाही. रंग फिकट अंबरपासून तांबूसपर्यंत कुठलाही चालतो. गढूळपणाबद्दल मात्र दोन शब्द, कारण इथे नवखे आणि जुने दोघंही घाईने निकाल देतात. पिंपातलं यीस्ट खाली बसावं म्हणून पारंपरिक पद्धतीत आयसिंग्लास घालतात, ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनतं. शाकाहारी असाल तर बारवर विचारून घ्या. अलीकडे बरेच ब्रूपब ते न घालता किंचित धूसर बिअर देतात आणि तसं पाटीवर लिहितात. अशी धूसर बिअर चवीला स्वच्छ असेल तर माझी हरकत नाही. पण पाटीवर तसं काही नाही, बिअर ढवळल्यासारखी दिसतेय आणि तोंडात यीस्टचा कडसर, पिठूळ चावा येतोय, तर पिंप नीट बसायच्या आधीच उघडलंय.

फेसाबद्दल लीड्समध्ये राहणाऱ्याला एक गोष्ट माहीत असायला हवी. उत्तर इंग्लंडमध्ये हँडपंपच्या तोटीला स्पार्कलर नावाची बारीक छिद्रांची टोपी लावतात. बिअर तिच्यातून दाबून निघते, वायूचा काही भाग बाहेर पडतो आणि वर जाड, सायीसारखा फेस धरतो. कडवटपणाचा थोडा हिस्सा त्या फेसात जातो, खालची बिअर मऊ लागते. लंडनकडे ही टोपी सहसा लावत नाहीत, तिथे फेस पातळ आणि चव टोकदार. एकाच पिंपातून दोन्ही प्रकारे ओढलेले दोन अर्धे पिंट शेजारी ठेवून प्यायलात तर दोन वेगळ्या बिअर वाटतील. बारवाल्याला विचारलंत तर तो आनंदाने काढून देईल. तुमचा बिटर कडू लागला तेव्हा स्पार्कलर होता का, हे पुढच्या वेळी बघा.

मग घोट. वाइनचे परीक्षक थुंकतात, आम्ही गिळतो, कारण कडवटपणाचा खरा हिशेब गिळल्यानंतर लागतो. पहिल्या घोटावर काहीही ठरवू नका. तो घोट जिभेची आधीची चव धुण्यातच जातो, आणि तुम्ही नेमका त्यावरच निकाल दिलात. दुसऱ्या घोटाला माल्ट कळतो, तिसऱ्या-चौथ्याला कडवटपणा आणि माल्ट यांचं नातं. गिळल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा. चांगला कडवटपणा वर येतो, टिकतो आणि स्वच्छ निघून जातो, मागे कोरडेपणा आणि पुढच्या घोटाची इच्छा ठेवून. वाईट कडवटपणा घशाशी चिकटून बसतो आणि घोटागणिक साचत जातो.

त्यातही कडू आणि तुरट वेगळे काढा. कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर रेंगाळतो. तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त: गालांच्या आतली बाजू आवळते, दातांवरून जीभ फिरवली की खरखरीत लागतं. फार उकळलेल्या चहात येतो तोच. बिअरमध्ये तो बहुतेकदा माल्टच्या टरफलातून येतो. शेवटची साखर काढून घ्यायला ब्रूअरने माल्टवरून फार पाणी किंवा फार गरम पाणी ओतलं की टरफलातलं टॅनिन उतरतं. हलक्या बिअरमध्ये ही चूक सहज होते, कारण मुळात धान्य कमी आणि पाणी जास्त. 'फार कडू आहे' ही बिटरविषयीची तक्रार मी खोदून विचारते तेव्हा पुष्कळदा माणूस तुरटपणाबद्दल बोलत असतो, आणि तुरटपणा हा दोष आहे.

ब्रूपबमध्ये बिअर पारखताना एक गोष्ट बदलते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये स्वतःच्या आवारात बिअर बनवणारे जेमतेम चार जुने पब उरले होते: हेल्स्टनचं ब्लू अँकर, बिशप्स कासलचं थ्री टन्स, मेडलीचं ऑल नेशन्स आणि नेदरटनचं ओल्ड स्वॉन. १९७९ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी लंडनच्या सदर्कमध्ये गूज अँड फर्किन उघडलं आणि ब्रूपबला पुन्हा दिवस आले. साध्या पबमध्ये बिअर बिघडली तर ब्रूअर तळघराला दोष देतो आणि तळघरवाला वाहतुकीला. ब्रूपबमध्ये टाकी आणि बार यांच्यात एक भिंत असते, त्यामुळे ही सबब चालत नाही. आणि दोषही वेगळे निघतात. साध्या पबमध्ये मला म्हाताऱ्या बिअरचे दोष जास्त भेटतात: उघडून चार-पाच दिवस झालेलं पिंप, व्हिनेगरचा आंबूस वास, ओल्या पुठ्ठ्याची चव. हँडपंपने बिअर काढली की तेवढी हवा पिंपात शिरते, म्हणून उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपायला हवं. ब्रूपबमध्ये उलट, कच्च्या बिअरचे दोष भेटतात. शनिवारी गर्दी, बिटर संपत आलाय, टाकी मोकळी करायचीय, मग जी बिअर आणखी चार दिवस यीस्टवर ठेवायला हवी होती ती बारवर येते. तिला हिरव्या सफरचंदाचा वास येतो, किंवा लोण्याचा.

लोण्याच्या वासावर थोडं थांबते, कारण हलक्या बिटरमध्ये सर्वांत जास्त वाद यावरच होतात. हे रसायन म्हणजे डायअ‍ॅसिटिल. आंबवण्याच्या सुरुवातीला यीस्ट त्याचा पूर्वज बिअरमध्ये सोडतं, तो हळूहळू डायअ‍ॅसिटिल बनतो, आणि शेवटी यीस्टच ते परत शोषून घेतं. फक्त वेळ द्यावा लागतो. घाई केली, किंवा टाकी लवकर थंड करून यीस्ट झोपवलं, की काम अर्धवट राहतं. लिटरला एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी पुष्कळांना ते जाणवतं, काहींना त्याच्या कितीतरी पट असलं तरी नाही. तुम्हाला येतं का ते घरी बटर पॉपकॉर्नच्या पाकिटाने तपासा. ग्लासात शोधायचं तर दोन्ही तळहातांत ग्लास धरून पाच मिनिटं बिअर ऊब येऊ द्या आणि पुन्हा वास घ्या. जिभेवर तेलकट, निसरडा थर जाणवतो का तेही बघा. काही जुन्या यॉर्कशायरी बिटरमध्ये याची पुसट छटा असते, टॉफीच्या वासात मिसळून जाते, तेवढ्यावर मी गुण कापत नाही. पण माल्टच्या आधी लोणीच आलं तर कापते.

ब्रूअरकडे याची सोपी परीक्षा असते. टाकीतून दोन नमुने काढायचे, दोन्ही झाकायचे. एक साध्या तापमानाला ठेवायचा, दुसरा ६० अंशांच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं. मग दुसरा थंड करून दोन्ही हुंगायचे. गरम केलेल्यात लोणी आणि साध्यात नाही, म्हणजे पूर्वज अजून शिल्लक आहे. आज स्वच्छ लागणारी बिअर पिंपात गेल्यावर लोणकट होणार. दोन्ही स्वच्छ असतील तरच टाकी रिकामी करावी. ज्या ब्रूपबमध्ये हे नेमाने करतात तिथे बिटर क्वचितच फसतो.

अंगाबद्दलही बोलायला हवं. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये मद्यावरचा कर अल्कोहोलच्या प्रमाणाशी जोडला गेला आणि ३.५ टक्क्यांखालच्या बिअरला बराच कमी दर लागू झाला. त्यानंतर कित्येक ब्रूअरींनी आपले बिटर ३.४ वर आणले. नुसतं धान्य कमी करून हे केलं तर बिअर पाणचट होते: वास ठीक, पहिला घोट ठीक, मध्ये पोकळी आणि शेवटी उघडा कडवटपणा. जाणता ब्रूअर माल्ट भिजवण्याचं तापमान ६८ अंशांच्या आसपास नेतो म्हणजे न आंबणारी साखर जास्त उरते, थोडे ओट्स घालतो, हॉप्सही त्या मानाने कमी करतो. घोट तोंडात धरल्यावर मधला भाग रिकामा वाटतो का, हा ३.४ टक्क्यांच्या बिटरला विचारायचा पहिला प्रश्न.

गुणांचं म्हणाल तर स्पर्धेत आम्ही 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम'चा ५० गुणांचा तक्ता वापरतो: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. उदाहरण देते. यॉर्कशायरमधल्या एका ब्रूपबचा ३.६ टक्क्यांचा बिटर नुकताच माझ्यापुढे आला. वासात बिस्किट आणि गोल्डिंग्जची फुलं, पण ऊब आल्यावर लोण्याची छटा: १२ पैकी ८. लख्ख तांबूस, ग्लासला फेसाची जाळी: ३ पैकी ३. चवीत माल्ट भरीव, कडवटपणा नेटका, शेवट मात्र किंचित लोणकट आणि त्यामुळे हवा तितका कोरडा नाही: २० पैकी १३. इतक्या हलक्या बिअरला अंग छान: ५ पैकी ४. एकूण १० पैकी ६. बेरीज ३४, म्हणजे तक्त्याप्रमाणे 'व्हेरी गुड'. शेऱ्यात मी लिहिलं की आणखी तीन दिवस टाकीत ठेवा, बाकी काही बदलू नका. हा शेरा गुणांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण ब्रूअरला त्यावर उद्या काही करता येतं.

पबमध्ये बसून एवढा हिशेब नको असेल तर कॅम्राची ० ते ५ ची मोजणी पुरते. पण दोन्हींतला फरक ध्यानात ठेवा. आमचा तक्ता बिअर आपल्या प्रकारात कशी बसते ते विचारतो. कॅम्राची मोजणी फक्त त्या ग्लासातली बिअर कोणत्या अवस्थेत आहे ते पाहते, तुम्हाला तो प्रकार आवडतो की नाही याचा तिथे संबंध नाही.

आणि हलकी बिअर भारी बिअरच्या शेजारी ठेवून तोलू नका. सहा टक्क्यांच्या आयपीएनंतर कुठलाही बिटर पाण्यासारखा लागणार. टेबलावर नेहमी हलक्याकडून भारीकडे जायचं. नीट क्रम ठेवला की हलके बिटर किती पुढे जातात हे कॅम्राच्या 'चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन'मध्ये दिसलेलं आहे: २००८ मध्ये ३.८ टक्क्यांचा आल्टन्स प्राइड पहिला आला आणि २०१४ मध्ये तुमच्या शेजारच्या कीथलीतल्या टिमथी टेलरचा ४ टक्क्यांचा बोल्टमेकर.

तुमचा मित्र बरोबर होता का, हे मी इथून सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत एकही दोष नाही. व्हिनेगर, लोणी, सफरचंद, पुठ्ठा, गालांचा तुरटपणा, यांतलं काही तुम्हाला आठवत नसेल तर बिअर बहुधा चांगलीच होती.

त्याच पबमध्ये परत जा. हा बिटर कधी उघडला ते विचारा. ब्रूपबमध्ये याचं उत्तर लगेच मिळतं आणि विचारणाऱ्याकडे कौतुकाने बघतात. पिंप उघडलं त्या दिवशी अर्धा पिंट घ्या, आणि त्याच पिंपातला तिसऱ्या दिवशी पुन्हा. गर्दीच्या वेळी जा, दुपारी दार उघडल्याबरोबर नको, कारण रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर काही ठिकाणी पहिल्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात जाते. दोन्ही वेळा चार घोट झाल्यावरच लिहायला घ्या. आणि कधी खरंच आंबलेला ग्लास हाती आला तर अर्धा पिऊन नव्हे, दोन घोटांतच बारवर न्या आणि 'व्हिनेगरसारखी लागतेय' एवढंच शांतपणे सांगा. चांगल्या पबमध्ये काही न बोलता बदलून देतात.